थांबल्याबद्दल आभार

तुम्ही लिहिलेलं वाचून एखाद्या माणसाने काहीतरी केलं, असं शेवटचं कधी घडलं? वाचून मान डोलावली, अंगठा दाखवला, पुढे पाठवलं, हे धरू नका. केलं म्हणजे हातपाय हलवून केलं. आठवायला वेळ लागतोय ना?

मलाही लागायचा. आणि मी तर जन्मल्यापासून लिखाणात लोळलेली मुलगी. वडील शेतमजुरांच्या चळवळीतले. घरात धान्यापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. उरलेल्या पत्रकांवर भुईमुगाच्या शेंगा वाळायच्या, शाळेच्या पुस्तकांना पत्रकांचीच कव्हरं असायची, आणि माझ्या बारशाचं आमंत्रणसुद्धा ‘बंधू आणि भगिनींनो’ असं सुरू होऊन ‘हजारोंच्या संख्येने सामील व्हा’ असं संपलं होतं. माणसं आली दहा-पंधरा. मी अक्षरं शिकले ती ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवरून. अजूनही ‘घरातली साखर संपली’ असं लिहिताना त्यामागे कुणाचा तरी हात असल्याचा मला संशय येतो.

म्हणून रत्नाक्का मला नावाने हाक मारतच नसे. ती मला ‘निषेध’ म्हणायची.

“ए निषेध, चा घे.” “निषेध, तुजी आई काय करतीया?” एकदा तर रहिमतपूरच्या भर बाजारात, “निषेऽऽध! कोथिंबिरीच्या भावाचं काय झालं गं?” अशी हाक आली आणि कोथिंबीरवाल्याने मुकाट्याने दोन जुड्या जास्त टाकल्या.

रत्नाक्का आमच्या गल्लीतली, आणि गावच्या दूध डेअरीची सचिव. गाव कोरेगाव आणि रहिमतपूरच्या मधलं, चहूबाजूंनी उसात बुडालेलं. नवरा फौजेत होता, पण घरात हुकूम सुटायचे ते आक्काचे. सुट्टीवर आलेला तो धिप्पाड माणूस अंगणात सावधान उभा राहिलेला मी लहानपणी पाहिला आहे. आक्का गावातली पहिली मॅट्रिक झालेली सून. हे मला माहीत असण्याचं कारण ती ते दर भेटीत सांगायची. तिचा आवाज असा की ती कानात कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी “व्हय गं आक्का” म्हणून उत्तर द्यायचं. रागावली की शिव्या, खूश झाली की त्याच शिव्या.

पण हीच बाई हातात खडू घेतला की वेगळी व्हायची.

डेअरीच्या भिंतीवर एक काळा फळा होता. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव दुधाच्या किटल्या घेऊन त्याच्यासमोर रांगेत उभं राहतं, त्यामुळे तो फळा न वाचता गावात कुणाचा दिवस जात नाही. इतर गावांच्या डेअरीत अशा फळ्यांवर ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ असं काहीतरी कळवलेलं असतं आणि ते कुणालाच कळलेलं नसतं. आक्काची रीत निराळी. ती एक ओळ लिहायची, खडू कानावर अडकवायची, फळ्याकडे पाठ करून दारापर्यंत जायची आणि तिथून दुसराच माणूस होऊन परत यायची. खांदे पाडून, किटली घेतल्यासारखा एक हात लोंबता ठेवून, डोळे बारीक करून ती स्वतःचीच ओळ वाचायची आणि त्या माणसाच्या आवाजात स्वतःलाच शिव्या घालायची. “ही रत्नी काय सोताला कलेक्टर समजती काय?” मग पुन्हा आक्का होऊन म्हणायची, “बरोबर हाय त्याचं,” आणि पदराने ओळ पुसायची. एका सूचनेसाठी ती कधी म्हातारा व्हायची, कधी नवी सून, कधी दारू उतरत असलेला गडी. रांगेतली माणसं दूध घालून झालं तरी घरी जात नसत.

“बोलताना मी माज्यासाठी बोलती,” ती म्हणायची. “म्हणून तर एवढी वरडती. पण लिव्हायचं ते वाचणाऱ्यासाठी. त्यो किटली घिऊन उभा हाय, त्याचा हात दुखतुया, त्याला सकाळपास्नं घरात कुणीतरी काय तरी बोललंय. तितं आपण आनि वरडायचं व्हय?”

एका उन्हाळ्यात डेअरीच्या दुधात पाणी फार येऊ लागलं. चेअरमननी कागदावर मजकूर लिहून आणला: ‘दुधात भेसळ करणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल.’ आक्काने तो फळ्यावर लिहिला, दाराशी गेली आणि एक इमानदार म्हातारा होऊन आली. वाचून तिने छातीवर हात मारला. “आमी भेसळ करतुय? बापजन्मात केली न्हाई!” पुन्हा दाराशी गेली आणि पाणी घालणारा होऊन आली. वाचलं, मिशीवरून हात फिरवला आणि फिदीफिदी हसली. “बगा चेअरमन,” ती म्हणाली, “चांगल्याला लागलं आन् चोराला गुदगुल्या झाल्या. आसलं लिव्हून काय करायचं?” तिने सगळं पुसलं आणि लिहिलं:

‘उन्हाळा वाढला आहे. म्हशींना भरपूर पाणी पाजावे. म्हशींनाच पाजावे.’

गाव त्या तिसऱ्या वाक्याला आठवडाभर हसत होतं. ज्यांच्याकडे बघून हसत होतं, त्यांचं दूध चौथ्या दिवशी घट्ट झालं.

आणखी एक. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बापू राहायचे. बांधावरून, नळावरून, बोकडावरून, ज्याच्याशी भांडता येईल त्याच्याशी भांडून ते वारले. तरुण मंडळाने लगेच चौकात फ्लेक्स लावला: ‘गावाचा आधारवड कोसळला’. लोक फ्लेक्सखाली उभे राहून तोंड दाबून हसत होते, आणि अंत्यविधीला जायचं काही कुणी नाव काढीना. आक्काने फळ्यावर लिहिलं, ‘बापू गेले. त्यांच्या म्हशीने सकाळपासून वैरणीला तोंड लावलेले नाही. अंत्यविधी अकरा वाजता.’ आणि माणसं गेली. आम्ही म्हशीसाठी गेलो, असं काही जण नंतर म्हणाले. पण गेली.

आता तुम्हाला वाटेल, ही गोड बोलून काम काढणारी बाई. मलाही तसंच वाटायचं आणि त्याचा मला रागही यायचा. गोड भाषेने जगात फक्त गोड बोलणाऱ्यांचं भलं होतं, असं आमच्या घरचं मत. मग डेअरीची निवडणूक झाली.

फाट्यापलीकडच्या धनगरवस्तीने चेअरमनच्या विरोधात मतं दिली. चेअरमननी ठरवलं, वस्तीचं दूध घ्यायचं नाही. मजकूर त्यांनी तयारच आणला होता: ‘काही अपरिहार्य कारणास्तव वस्तीवरील दूध पुढील सूचनेपर्यंत स्वीकारता येणार नाही. सहकार्याबद्दल धन्यवाद.’ वर म्हणाले, “आक्का, तुमच्या पद्धतीनं जरा मऊ करा.”

“आवं चेअरमन,” आक्का म्हणाली, “वंगाळ काम पाकात घोळून द्यायला मी काय हलवाई हाय?”

तिने लिहिलं, ‘वस्तीचे दूध आजपासून घेणार नाही. कारण चेअरमन सांगतील. ते आत बसले आहेत.’

वस्तीच्या बाया किटल्या घेऊन आल्या, त्यांनी फळा वाचला आणि आतल्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. मग रांगेतली सगळीच माणसं तिकडे बघू लागली. चेअरमन मागच्या दाराने पेंडीच्या गोदामात गेले, आणि दुपारपर्यंत तिथून फक्त शिंकांचा आवाज येत होता. संध्याकाळी वस्तीचं दूध घेतलं गेलं. त्या दिवशी मला कळलं की ही बाई मऊ नाही. तिच्याकडे बरेच आवाज आहेत आणि कुणासमोर कुठला काढायचा ते ती ठरवते. माझ्याकडे तेव्हा एकच होता.

त्याच वस्तीवरची सारिका. तिचे वडील मायाप्पा आधी वर्षातले आठ महिने मेंढरांमागे असायचे, आता थोडी शेती करतात. बोलतात फार कमी. मेंढरांशी सवय झाल्यामुळे असेल. सारिका कोरेगावला अकरावीला होती, वस्तीवरची पहिलीच. सकाळी उजेडात ती दोन मैल चालत गावात येऊन गाडी धरायची. अडचण संध्याकाळची. कोरेगावहून येणारी गाडी वस्तीच्या फाट्यावरूनच यायची, पण थांबायची नाही, थेट गावात. मग अंधारात पुन्हा तेवढंच मागे चालायचं, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. उसात बिबट्या दिसल्याचं बोललं जात होतं. सारिका म्हणायची, बिबट्याचं काही नाही, तो मोटारसायकलवरून मागेमागे येत नाही.

एक दिवस मायाप्पा म्हणाले, “ऊस तुटंस्तवर घरी बस.” ऊस तुटायला परीक्षा उलटून गेली असती. आणि घरी बसलेली मुलगी पुन्हा कॉलेजात जात नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. आटपाडीकडचं एक स्थळ कुणीतरी सुचवूनही ठेवलं होतं. सारिकाने वडिलांकडून आठ दिवस मागून घेतले आणि ती माझ्याकडे आली.

मी पेटले. डेपोत गेले. तिथला बाबू शांतपणे म्हणाला, “त्या फाट्यावर विनंती थांबा मंजूर नाही.” मी येऊन आक्काला सांगितलं, तर ती म्हणाली, “विनंतीला बी मंजुरी लागती व्हय? मग हुकमाला काय लागत आसंल?”

मी एका रात्रीत पत्रक लिहून काढलं आणि त्यातला मुख्य मजकूर लाल रंगाने पत्र्यावर रंगवून फाट्यावर ठोकला: ‘मुलींच्या शिक्षणाचा गळा घोटणाऱ्या मुजोर प्रशासनाचा जाहीर धिक्कार असो! फाट्यावर थांबा मिळालाच पाहिजे!’ अक्षर सुंदर आलं होतं. पुढचे तीन दिवस गाडी फाट्यावरून नेहमीपेक्षा जोरात गेली.

चौथ्या दिवशी मी आणि सारिका डेअरीत बसलो होतो. आक्काने मजकूर ऐकून घेतला, एक रिकामी किटली पालथी घालून तिच्यावर बसली आणि किटलीचं झाकण दोन्ही हातांत धरलं. ते स्टिअरिंग होतं. तोंडाने तिने गाडी सुरू केली. दुसऱ्या गिअरला तिच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की बाहेर बांधलेली म्हैस उठून उभी राहिली.

“आली गाडी. मी डायवर. पहाटं पाचला उठलोय. पाठ गेलीया. मागं एक पोरगं वकतंय. आला फाटा. काय लिवलंय? ‘मुलींच्या शिक्षणाचा गळा...’ आयला, कुणाचा गळा? ‘मुजोर’! कोण मुजोर? मी? अरं तुज्या...” इथे ड्रायव्हर जे बोलला ते लिहिता येत नाही. आक्काने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. “भुर्रर्र! गेली गाडी. आन् तुजं ‘मिळालाच पाहिजे’ ऱ्हायलं मागं, ते कुणी वाचलं? कुत्र्यानं.”

सारिका इतके दिवस रडवेली होती. ती हसून हसून पेंडीच्या पोत्यावर आडवी झाली.

“पण आक्का, मी त्याला कुठं मुजोर म्हणलंय? मी प्रशासनाला म्हणलंय.”

“परशासन गाडी चालवतं का गं? ते डेपोत पंख्याखाली बसलंय. त्या रस्त्यानं रोज कोण येतंय? त्याच्याशी बोल की.”

तिने पशुखाद्याच्या जाहिरातीचा जुना पत्रा शोधला आणि दोन्ही बाजूंना पिवळा रंग मारून घेतला. ब्रश हातात घेऊन ती कितीतरी वेळ किटलीवर बसून गाडी चालवत राहिली. मग मोठ्या, ठसठशीत अक्षरात तिने लिहिलं: ‘आमच्या पोरींसाठी थांबता. आभार.’ खाली बारीक: ‘वस्ती’.

माझं डोकं सणकलं. “आक्का, हे खोटं हाय. गाडी एकदा बी थांबलेली न्हाई.”

“खोटं कशानं? ॲडव्हान्स हाय.”

“आणि आभार कशाबद्दल? हा आपला हक्क हाय. हक्काचं घेताना हात जोडायचे? ही लाचारी झाली.”

आक्का गंभीर झाली, म्हणजे तिचा आवाज गल्लीपुरता खाली आला. “हात कुटं जोडलेत दाव. ‘कृपया’ लिवलंय? ‘मेहेरबान’ लिवलंय? लाचार माणूस खाली बगून आभार मानतुय, निषेध. ह्ये त्याच्या डोळ्यात बगून मानलेत. तू चांगला माणूस हाईस, हे आमी ठरवलंय. आता तू तसा न्हाईस हे तुला गाडी पळवून दावावं लागंल. बग त्याला जमतंय का.”

“आणि जमलं तर?”

“तर तुजा लाल पत्रा हायच की. मी काय त्यो भंगारात घातला न्हाई.”

लाल पत्रा उतरवून पिवळा पत्रा फाट्यावर लागला. त्या संध्याकाळी आक्का स्वतः कोरेगावला जाऊन सारिकासोबत गाडीत बसली, मीही होते. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर ती तोंड मिटून बसून राहिली, हा तिच्या आयुष्यातला बहुधा एकमेव प्रसंग. फाटा आला. ड्रायव्हरने पत्र्याकडे बघितलं, मान किंचित वळली, आणि गाडी गेली. मी आक्काकडे बघितलं. ती म्हणाली, “मान वळली. उद्या पाय वळंल.”

दुसरा दिवस सारिकाच्या मुदतीचा शेवटचा. आम्ही तिघी पुन्हा गाडीत. गाडी खच्चून भरलेली. पुढच्या दाराशी लोखंडी ट्रंकेवर एक जवान बसला होता, सुट्टीवर निघालेला. फाटा आला, मावळतीचं ऊन नेमकं पिवळ्या पत्र्यावर, आणि बऱ्याच दिवसांनी मराठी वाचायला मिळाल्याच्या आनंदात तो जवान गाडीभर ऐकू जाईल असं वाचू लागला: “आमच्या पोरींसाठी थांबता. आभार.” मग त्याने ड्रायव्हरकडे बघून विचारलं, “थांबता व्हय, मामा? लय भारी!”

गाडीत हशा पिकला. मागून एक म्हातारी ओरडली, “आरं मग थांब की! आभार घिऊन कुटं पळालास?”

ब्रेक लागला. सगळी गाडी एकमेकांच्या अंगावर गेली. फाट्याच्या बऱ्याच पुढे जाऊन गाडी थांबली, पण थांबली. सारिका उतरली. तिला आणायला मायाप्पा फाट्यावर येऊन उभे होते. ते लेकीकडे न जाता गाडीच्या तोंडाशी गेले. कमरेच्या पिशवीतून त्यांनी बिरोबाचा भंडारा काढला आणि चिमूटभर हळद गाडीच्या कपाळाला, काचेच्या खाली, लावली. ड्रायव्हर वरून बघत होता. कपाळाला भंडारा लागलेली गाडी तिथून पुढे पळवायची कुणाची छाती होते?

सारिका दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली. आणि रोज जात राहिली.

पुढे त्या ड्रायव्हरने डेअरीत येऊन चहा पिता पिता आक्काला विचारलं, “पत्र्यावर माझं नाव टाकलं तर?” आक्काने त्याला आणखी एक कप दिला आणि नाव टाकायला साफ नकार दिला. “उद्या दुसरा डायवर आला की म्हणंल, ह्यात माजे आभार न्हाईत. तुमची ड्युटी बदलंल, पोरी तितंच ऱ्हाणार.”

मी म्हटलं, “आता डेपोलाही असाच गोड अर्ज लिहू?” तर ती उसळली. “खुळी का काय? डेपोला तुज्या आवाजात लिव्ह. डायवरला एक पाय दाबायचा हुता, डेपोला सह्या करायच्यात. जितं सह्या हाईत तितं धाक पायजे. लिव्ह, जाहीर काय ते लिव्ह. आन् उद्गारचिन्ह एकच टाक, पण आसं टाक की बाबूच्या डोळ्यात गेलं पायजे.” तो अर्ज मी लिहिला. स्मरणपत्रंही लिहिली. आवाज चढवत नेला आहे. मंजुरी अजून आलेली नाही, आणि मी काही थांबणार नाही.

आक्का गेल्या वर्षी गाव सोडून सांगलीला मुलाकडे गेली. गुडघे पार गेले होते. गावातून सकाळच्या गाडीने कोरेगाव आणि तिथून रेल्वेने सांगली, असं ठरलं. पण गावात गाडीत बसायला ती तयार होईना. “माज्या थांब्यावरनं बसणार.” शेवटी डेअरीच्या टेम्पोत खुर्ची टाकून तिला फाट्यापर्यंत आणली. बारावीला गेलेली सारिका तिथे उभी होती. आता सकाळीही गाडी फाट्यावरच धरते. तिच्याशेजारी वस्तीवरच्या आणखी दोघी, नवीन दप्तरं घेऊन.

त्या दिवशी ड्रायव्हर अगदी नवा होता. त्याने लांबून पत्रा बघितला, वाचला, काही न कळल्यासारखा चेहरा केला आणि गाडी थांबवली. पोरींनी आक्काला तिघींनी मिळून वर चढवलं. आत गेल्या गेल्या तिचा आवाज सुटला. “आरं बाबा, थांबलास त्याचे आभार हाईतच, पण एवढ्या लांब का थांबलास? म्हातारीचं गुडघं तुज्या बापानं दिल्यात व्हय?” गाडी हलली. खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं. मला वाटलं, आता मला काहीतरी म्हणेल. पण ती पत्र्याकडे बघत होती. एक डोळा बारीक करून तिने तो वाचला, पुन्हा एकदा कुणीतरी दुसराच माणूस होऊन. मग मान हलवली. पुसावं असं तिला काही वाटलं नाही. “निषेऽऽध!” उसाच्या वळणापलीकडून शेवटची हाक आली, “अक्षरं फिकी पडल्यात! रंग दी!”

रंग मी दिला आहे. पण ड्रायव्हर बदलत असतात, मंजुरी नाही, आणि ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेला आहे. म्हणून माझं तुमच्याकडे एक काम आहे. कोरेगावहून रहिमतपूरच्या बाजूला संध्याकाळच्या गाडीने कधी आलात, तर डाव्या खिडकीशी बसा. उसातून एक पिवळा पत्रा पुढे येईल. तो मनात वाचू नका. ड्रायव्हरला ऐकू जाईल असा, मोठ्याने वाचा.